एडिसनचं नको असलेलं यंत्र

एडिसन म्हटलं की आपल्याला विजेचा दिवा आठवतो. नोकरीच्या काळात मी 'एडिसन' या विषयावरचे किती निबंध तपासले त्याची गणती नाही, पण प्रत्येक निबंधात तो हजार वेळा नापास होऊन शेवटी दिवा लावायचाच. एकाही मुलाने त्याच्या पहिल्या पेटंटबद्दल लिहिलं नाही. त्यात मुलांचा दोष नाही, पाठ्यपुस्तकातच नव्हतं.

ते पहिलं पेटंट दिव्याचं नव्हतं, फोनोग्राफचंही नव्हतं. ते होतं कायदेमंडळातली मतं मोजण्याच्या यंत्राचं. अमेरिकन पेटंट क्रमांक ९०,६४६, तारीख १ जून १८६९. एडिसनचं वय तेव्हा अवघं बावीस. पुढे त्याच्या नावावर एक हजाराहून जास्त अमेरिकन पेटंटं जमा झाली, पण श्रीगणेशा झाला तो या यंत्राने. आणि गंमत म्हणजे ते कोणीही विकत घेतलं नाही.

हा विषय डोक्यात यायला निमित्त झालं ते डिसेंबर २०२४ मधलं. 'एक देश, एक निवडणूक' चं विधेयक लोकसभेत मांडायचं की नाही यावर १७ डिसेंबरला मतदान झालं. नव्या संसद भवनातल्या लोकसभेत विजेच्या यंत्रावर मतं घ्यायची ही पहिलीच वेळ. फलकावर आकडे आले, बाजूने २२०, विरोधात १४९. मग चिठ्ठ्या गोळा झाल्या आणि अंतिम निकाल लागला २६९ विरुद्ध १९८. म्हणजे ४६७ मतांपैकी ९८ मतं कागदाच्या चिठ्ठीने आली! आमच्या एका भाच्याने लगेच फोन केला, "मावशी, चंद्रावर यान उतरवलं आपण आणि मतं अजून चिठ्ठ्यांवर?" त्याला तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण दोन वाक्यांत मावणारी ही गोष्ट नाही, म्हणून हा लेख. (भाच्या, वाचतोयस ना?)

तर आधी ते मूळ यंत्र.

१८६८ साली एडिसन बोस्टनला तार ऑफिसात नोकरीला होता. रात्रपाळीत बातम्यांच्या तारा घ्यायच्या, हे काम. वॉशिंग्टनहून येणाऱ्या बातम्यांत काँग्रेसमधल्या मतदानाचे वृत्तांत असत. तिथे पद्धत अशी की कारकुनाने एकेका सभासदाचं नाव पुकारायचं, त्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, कारकुनाने लिहून घ्यायचं. आपण वर्गात हजेरी घेतो अगदी तसं. शे-दोनशे नावांची हजेरी! एवढा वेळ वाया जातो तो विजेने वाचवता येईल, असं या पोराच्या मनात आलं.

त्याची युक्ती साधी होती. प्रत्येक सभासदाच्या जागेवर एक खटका. एका बाजूला फिरवला की 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही'. खटक्यापासून तारा कारकुनाच्या टेबलावरच्या यंत्रापर्यंत. त्या यंत्रात सगळ्या सभासदांची नावं छापखान्यातल्या खिळ्यांसारखी धातूच्या अक्षरांत जुळवलेली, आणि तीही दोन रांगांत, एक 'हो' ची, एक 'नाही' ची. कारकुनाने रसायन लावलेला कागद त्यावर पसरायचा आणि धातूचा रूळ फिरवायचा. ज्या नावातून वीज वाहत असेल त्या ठिकाणी कागदावरचं रसायन बदलायचं आणि नाव उमटायचं. दोन्ही बाजूंना दोन तबकड्या, त्यावर एकूण बेरीज. रसायनाच्या कागदावर तार उतरवून घेण्याची विद्या तेव्हा तारवाल्यांना ठाऊक होतीच, एडिसनने ती इथे वापरली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे यंत्र नुसती बेरीज करत नव्हतं, ते नावं छापत होतं. कोण कुठल्या बाजूला, ते कागदावर. याकडे मी पुढे येणार आहे.

ड्युइट रॉबर्ट्स नावाच्या दुसऱ्या एका तारवाल्याने या शोधात शंभर डॉलर घातले आणि यंत्र घेऊन तो वॉशिंग्टनला गेला. तिथल्या समितीपुढे प्रयोग करून दाखवला. समितीच्या अध्यक्षांनी काय सांगितलं ते एडिसनने पुढे आठवणीत सांगितलं आहे. सारांश असा, की पृथ्वीच्या पाठीवर आम्हाला नको असलेला एखादा शोध असेल, तर तो हाच.

का बरं?

कारण नावं पुकारायला लागणारा वेळ हा वाया जाणारा वेळ नव्हताच मुळी. अल्पमतात असलेल्या पक्षाच्या हातात ते एकमेव हत्यार होतं. नको असलेलं विधेयक अडवायचं तर पुन्हा पुन्हा मतदान मागायचं, हजेरी लांबवायची, तेवढ्यात दोन-चार कुंपणावरची माणसं आपल्याकडे वळवायची, नाहीतर पलीकडची माणसं कंटाळून घरी जायची वाट बघायची. यंत्राने हे सगळं मिनिटभरात संपवलं असतं. बोस्टनच्या पोराला वाटलं होतं की लोकांना मत मोजायला वेळ लागतो ही अडचण आहे. वॉशिंग्टनच्या मुरलेल्या मंडळींना ती सोय वाटत होती.

एडिसनने यातून धडा घेतला, की ज्याची कोणाला गरज नाही असा शोध पुन्हा लावायचा नाही. त्याने तो आयुष्यभर पाळला म्हणतात. पण मला विचाराल तर गरज कोणाची हा प्रश्न त्यात राहूनच गेला. सभासदांना गरज नव्हती हे खरं. मतदारांना होती की नाही, हे त्यांना विचारलं कोणी?

अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे की हजर सभासदांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली तर प्रत्येकाचं 'हो' किंवा 'नाही' कामकाजाच्या वहीत नोंदवलं पाहिजे. म्हणजे १७८७ सालीच त्या लोकांना कळलं होतं की नुसती बेरीज पुरत नाही, नावं लागतात. पण नावं नोंदवायची यंत्रणा विजेवर यायला बराच काळ जावा लागला. विस्कॉन्सिन राज्याच्या असेंब्लीने १९१७ साली विजेचं यंत्र बसवलं. असं करणारं ते पहिलं विधिमंडळ. हळूहळू इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात मात्र ४३५ नावांची हजेरी चालूच राहिली. एका मतदानाला अर्धा तास, कधी पाऊण तास. १९७० साली कामकाज सुधारणेचा कायदा झाला, त्यात विजेच्या मतदानाला वाट मिळाली आणि २३ जानेवारी १९७३ रोजी तिथे यंत्र पहिल्यांदा चाललं. एडिसनच्या पेटंटनंतर एकशे तीन वर्षांनी! एडिसन १९३१ सालीच गेला होता.

त्यानंतर तिथे नावानिशी होणाऱ्या मतदानांची संख्या झपाट्याने वाढली. मत नोंदवणं सोपं झालं, तसं मत मागणंही सोपं झालं. पूर्वी ज्या दुरुस्त्या गडबडीत निघून जायच्या त्यांवर आता प्रत्येकाला आपलं बटण दाबावं लागू लागलं, आणि ते मतदारसंघातल्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागलं. तिथल्या सिनेटने मात्र यंत्र घेतलेलं नाही. शंभर नावं अजून पुकारली जातात.

इंग्लंडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मतदान पायांनी करतात! बाजूने असणाऱ्यांनी सभापतींच्या उजव्या हाताच्या लॉबीत जायचं, विरोधकांनी डाव्या हाताच्या. १८३४ च्या आगीत जुनी इमारत जळाली, त्यानंतर १८३६ पासून अशा दोन लॉब्यांची व्यवस्था झाली आणि कोण कुठे गेलं त्याच्या याद्या अधिकृतपणे छापल्या जाऊ लागल्या. घंटा वाजते, आठ मिनिटांनी दारं बंद होतात, आणि सगळं आटोपायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. यंत्र का नाही घेत, असं विचारलं की तिथले खासदार सांगतात की लॉबीत साध्या खासदारालाही मंत्र्याला गाठता येतं. एरवी मंत्र्याची भेट मिळायला आठवडे जातात, इथे तो खांद्याला खांदा लावून उभा असतो. करोनाच्या काळात, २०२० साली, काही दिवस घरून मतदान झालं आणि मग लॉबीत ओळखपत्र टेकवायची यंत्रं बसली. पण चालत जाणं काही सुटलेलं नाही.

आपल्याकडे इंग्रजांनी हीच लॉबीची पद्धत आणली. दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत सभासद उठून लॉब्यांमध्ये जात. २४ सप्टेंबर १९२८ रोजी सरकारच्या 'पब्लिक सेफ्टी बिला' वर असंच मतदान झालं. दोन्हीकडे ६१ मतं! अध्यक्ष होते विठ्ठलभाई पटेल. त्यांनी आपलं निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकलं आणि ते पाडलं. साम्राज्य सरकारचं विधेयक एका हिंदी माणसाच्या एका मताने पडलं. पुढच्या वर्षी ८ एप्रिलला 'ट्रेड डिस्प्यूट्स बिला' वरचं मतदान नुकतंच आटोपलं होतं आणि त्याच सुधारून आणलेल्या सेफ्टी बिलावर विठ्ठलभाई निर्णय द्यायला उठत होते, तेवढ्यात प्रेक्षकांच्या सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकला. हा प्रसंग आपण सगळे जाणतो, पण तो मतमोजणीच्या किती जवळचा होता हे सहसा कोणी सांगत नाही.

त्याच खुर्चीवर १९४६ साली आपले गणेश वासुदेव मावळंकर बसले. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत, घर मराठी. त्यांची निवडसुद्धा तीन मतांच्या फरकाने झाली होती. पुढे ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये गेले. लोकसभेत विजेचं मतनोंदणी यंत्र आलं ते १९५७ साली, दुसरी लोकसभा अस्तित्वात आल्यावर. म्हणजे पाहा, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सोळा वर्षं आधी आपल्याकडे आलं! नव्याने प्रजासत्ताक झालेल्या, गरीब देशाने हे केलं. भाच्याला मी फोनवर हेच पहिलं वाक्य सांगितलं होतं.

त्या यंत्राची रीत अशी. कोणी मतविभाजन मागितलं की घंटा साडेतीन मिनिटं वाजते. उपाहारगृहात, वाचनालयात, कुठेही असलेल्या खासदाराने तेवढ्यात धावत यायचं. घंटा थांबली की लॉबीची दारं बंद. मग अध्यक्ष प्रश्न पुन्हा मांडतात. प्रत्येक खासदाराला आपली ठरलेली जागा आणि मतविभाजन क्रमांक असतो. जुन्या संसद भवनात प्रत्येक जागेवर हिरवं बटण बाजूने, लाल विरोधात आणि पिवळं तटस्थ, अशी सोय होती. शिवाय एक वेगळा खटका होता. तो आणि बटण दोन्ही एकाच वेळी दाबायचे, पहिला टोला पडल्यापासून दुसरा पडेपर्यंत, दहा सेकंद. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे शेजाऱ्याच्या बटणाकडे हात जायची सोयच नाही. ज्याने ही योजना केली त्याने शाळेत कधीतरी परीक्षेचं सुपरव्हिजन केलं असावं असं मला राहून राहून वाटतं :-)

मग फलकावर आकडे येतात आणि अध्यक्ष निकाल सांगतात, तोही 'दुरुस्तीला अधीन राहून'. कोणाचं बटण लागलं नाही, कोणी चुकून भलतं दाबलं, कोणाला जागाच ठरवून दिलेली नाही, त्यांच्यासाठी चिठ्ठ्या असतात. चिठ्ठी ही यंत्राची नामुष्की नाही, नियमातच तिची तरतूद आहे. नव्या इमारतीत सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, ते ४५४ विरुद्ध २, पूर्णपणे चिठ्ठ्यांवर.

एवढा खटाटोप कशासाठी? तर एकेका मताला काय किंमत येऊ शकते ते बघा.

५ सप्टेंबर १९७०. संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठीचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत आलं होतं. कोल्हापूर, सांगली, ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर, आपल्या मराठी मुलखाशी नातं असलेल्या किती घराण्यांचा प्रश्न होता तो! घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. मतं पडली १४९ विरुद्ध ७५, एकूण २२४. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक तृतीयांश. माणसाचा तिसरा हिस्सा मत देऊ शकत नाही, म्हणजे लागत होती १५०. विधेयक पडलं ते एक तृतीयांश मताने! अपूर्णांक शिकून काय उपयोग, असं विचारणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगत असे. सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे प्रभृती सर्वोच्च न्यायालयात गेले, १५ डिसेंबरला न्यायालयाने तो आदेश रद्द केला, आणि त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. १९७१ ची निवडणूक, नंतरची सव्विसावी घटनादुरुस्ती, हा पुढचा इतिहास.

दुसरी तारीख १७ एप्रिल १९९९. शनिवार होता, शाळा सकाळची. आम्ही काही शिक्षक सुटल्यावर घरी न जाता शाळेजवळच एका बाईंकडे टीव्हीपुढे बसलो होतो. वाजपेयी सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव. अध्यक्ष बालयोगी यांनी आकडे वाचले. बाजूने २६९, विरोधात २७०. खोलीत दोन्ही मतांची माणसं होती, पण काही क्षण कोणीच बोललं नाही. ओरिसाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकीचा राजीनामा अजून दिलेला नसल्यामुळे मत दिलं, आणि सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिलं. दोघांची नावं आज पंचवीस वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहेत. हे कशामुळे शक्य झालं? प्रत्येक मताला नाव होतं म्हणून.

यंत्र आलं म्हणजे सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. इटलीच्या संसदेत 'पियानोवादक' असा एक शब्दच रूढ झाला. गैरहजर मित्राचं बटणही आपणच दाबायचं, दोन्ही हात दोन टेबलांवर, पेटी वाजवल्यासारखे. शेवटी २००९ साली तिथल्या कनिष्ठ सभागृहाला बोटांचे ठसे ओळखणारी यंत्रं बसवावी लागली. युक्रेनमध्येही 'बटणदाबे' खासदार इतके बोकाळले की २०१९ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. हजेरीत दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणारी पोरं मोठी होऊन कुठे जातात, ते कळलं!

आणि एक बाजू अशी आहे की जिच्यामुळे मला त्या जुन्या, संथ, नाव पुकारण्याच्या पद्धतीबद्दलही आदर वाटतो. ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती एका राज्याच्या मंजुरीवर अडली होती. टेनेसी राज्याच्या विधिमंडळात १८ तारखेला विषय आला. प्रस्ताव बाजूला सारावा या सूचनेवर ४८-४८ अशी बरोबरी झाली. मग मूळ प्रस्तावावर नावं पुकारायला सुरुवात झाली. हॅरी बर्न हा चोवीस वर्षांचा सभासद. विरोधकांत त्याची गणना होती, कोटावर त्यांचं लाल गुलाबाचं फूलही होतं. खिशात मात्र आईचं पत्र होतं, मताधिकाराच्या बाजूने मत दे असं सांगणारं. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो 'हो' म्हणाला. तेवढ्याने अमेरिकेतल्या कोट्यवधी बायकांना मत मिळालं. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना तोंडाने 'हो' म्हणायला जे धैर्य लागतं, ते बटण दाबायला लागतं का? जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये जॉन मॅकेन यांनी रात्री उशिरा पुढे येऊन अंगठा खाली केला आणि त्यांच्याच पक्षाचं आरोग्यविम्याचं विधेयक ४९ विरुद्ध ५१ ने पडलं, तेही यंत्र नसलेल्या सभागृहातच.

म्हणून मला वाटतं, खरा प्रश्न वीज की कागद, बटण की पाय, हा नाहीच. खरा प्रश्न नाव उमटतं की नाही, हा आहे.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्राच्या विधानसभेत अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. दोन्हीकडून आरडाओरडा होतो. मग "होयचे बहुमत... होयचे बहुमत... ठराव संमत." याला आवाजी मतदान म्हणतात. दिल्लीतही बहुतेक कामं याच रीतीने होतात, कोणी मतविभाजन मागितलं तरच घंटा वाजते. आवाजी मतदान ही वाईट गोष्ट नाही. सगळ्यांचं एकमत असलेल्या किरकोळ विषयावर प्रत्येक वेळी हजेरी कशाला? पण महत्त्वाच्या आणि वादाच्या विषयावर काय?

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी नव्या फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. सरकार अल्पमतातलं होतं आणि राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयकं अशीच गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली, तिथेही विरोधक मतविभाजन मागत होते. अध्यक्षांची आणि उपसभापतींची बाजू अशी की मागणी नियमाप्रमाणे, वेळेत आणि आपापल्या जागेवरून आली नाही. कोण बरोबर, यावर मी इथे वाद घालणार नाही, घरातच दोन्ही पक्षांची माणसं आहेत! पण दोन्ही वेळा एक गोष्ट कायमची हरवली. कोण नेमकं कुठे उभं होतं, याची यादी. पन्नास वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्याला त्या दिवसाचा आवाज मिळेल, नावं मिळणार नाहीत.

याच्या उलट, नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बहुमत चाचणीबद्दल आदेश देताना सांगितलं की मतदान गुप्त असू नये आणि कामकाज थेट दाखवावं. ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली. बाजूने १६९, चार तटस्थ, आणि भाजपने सभात्याग केल्याने विरोधात शून्य. ४ जुलै २०२२ रोजी शिंदे सरकारच्या वेळी १६४ विरुद्ध ९९. दोन्ही वेळा आमदार एकेक करून उभे राहिले, नाव आणि आकडा सांगत गेले. आपण टीव्हीवर पाहिलं. ही हजेरी १८६८ सालच्या वॉशिंग्टनसारखीच होती, पण महाराष्ट्रभर लोक घरी बसून कोण कुठे उभं राहतंय ते मोजत होते.

यावर कोणी म्हणेल की आता १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे आमदार-खासदार पक्षादेशाबाहेर जाऊच शकत नाहीत, मग नाव उमटून फायदा काय? पक्षाचं नाव कळलं की पुरे. मुद्दा खरा आहे आणि त्याने मला अस्वस्थ केलं आहे. मतनोंदणीच्या फलकाकडे आज मतदारापेक्षा पक्षाचा प्रतोद जास्त बारकाईने बघत असतो. एडिसनचं यंत्र ज्यांच्यासाठी उपयोगी पडायला हवं होतं, त्यांच्याऐवजी भलत्याच्याच उपयोगी पडतंय की काय, असं वाटतं. पण म्हणून यादीच नको, हे उत्तर होऊ शकत नाही. पक्षादेश असतानाही गैरहजर कोण राहिलं, तटस्थ कोण राहिलं, हे यादीतूनच कळतं. आणि पक्षादेश मोडून कोणी उभं राहिलं तर तेही.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी दरवर्षी वर्गात मॉनिटरची निवडणूक दोनदा घेत असे. एकदा हात वर करून, एकदा चिठ्ठ्यांनी. हात वर करताना मुलं आधी शेजाऱ्याकडे बघत, दांडगट मुलाकडे बघत, आणि मग हात वर जाई. चिठ्ठीत निकाल पुष्कळदा वेगळा लागे. मग मी विचारायची, कुठली पद्धत बरोबर? सगळा वर्ग ओरडे, चिठ्ठी! एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, मग आमदारांनीपण चिठ्ठीच टाकावी का?"

त्या दिवशी तास तिथेच रंगला. मी फळ्यावर दोन रकाने केले. मतदाराचं मत त्याचं स्वतःचं असतं, म्हणून ते गुप्त. त्याला कोणी जाब विचारता कामा नये. आमदाराचं मत त्याचं स्वतःचं नसतं, ते आपण त्याच्याकडे ठेवायला दिलेलं असतं, म्हणून ते उघड. त्याला जाब विचारता आलाच पाहिजे. त्या मुलीने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग आपल्या आमदारांनी काय मत दिलं ते आपल्याला कुठे वाचायला मिळतं?"

लोकसभेत मतविभाजन झालं असेल तर सभागृहाच्या वृत्तांतात नावांची यादी असते, आणि हल्ली ते वृत्तांत इंटरनेटवर घरबसल्या वाचता येतात. तिच्या वेळी ही सोय नव्हती. तेव्हा मंडळी, एक काम करा. तुम्हाला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या एखाद्या विधेयकाची चर्चा उघडा, शेवटपर्यंत जा आणि आपल्या खासदाराचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते शोधा. सापडलं तर खाली लिहा. यादीच नसेल, नुसतं 'प्रस्ताव स्वीकृत' असं असेल, तर तेही लिहा. मी पुण्यातल्या तीन विधेयकप्रेमी मैत्रिणींना कामाला लावलंच आहे :-)